एक रेघ, सही आणि तारीख

हेमराजमामाने मयूरचा पगार दुप्पट केला, ही गोष्ट खुद्द मयूरला कळायला तीन आठवडे लागले.

गुरुवारी पहिली पाळी करून तो मोहगावला घरी आला, उशिरा जेवला आणि हात धुऊन ओसरीवर येऊन बसला. मामा अडकित्त्याने सुपारी कातरत होता. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात मुलगी पाहायला जायचं होतं. कोणती बस, किती माणसं, कोणता शर्ट अशी बोलणी चालली असताना मामा सहज म्हणून गेला, की पगाराचा विषय निघालाच तर पंचेचाळीस सांगायचं, बायोडाटात तेवढाच लिहिला आहे.

मयूर पाणी पीत होता, तो थांबला.

"पंचेचाळीस काय, मामा?"

"हजार. मंग काय किलो?"

मयूर सौंसरजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात प्लांट ऑपरेटर होता. कापडाच्या रंगात पडणारी एक पिवळी भुकटी तिथे बनते. दोन मजले उंचीच्या बंद भांड्यांमध्ये माल शिजतो आणि तो नीट शिजतोय की नाही हे पाहणं ऑपरेटरचं काम. आत डोकावता येत नाही. तापमान, दाब, पातळी असे आकडे पाहायचे, दर तासाला तक्त्यात भरायचे आणि त्या आकड्यांवरून आत काय चाललंय ते ओळखायचं. या कामाचे त्याला महिन्याला चोवीस हजार आठशे मिळत. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसायकर आणि कँटीन कापून हातात बावीस हजार चारशे पडत. दर महिन्याच्या सात तारखेला मोबाइल वाजे आणि हाच आकडा दिसे. सहा वर्षांच्या नोकरीत हा आकडा वर्षातून एकदा थोडासा सरके, एरवी जागचा हलत नसे.

अपवाद सप्टेंबरचा. त्या महिन्यात वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता. भांडी उघडायची, धुवायची, पुन्हा जोडायची. मयूरने ऐंशीएक तास जादा काम केलं, त्याचे दुप्पट दराने पैसे मिळाले आणि हातात एकेचाळीस हजार तीनशे आले. आईने, म्हणजे पंचफुलाबाईंनी, ती पगाराची चिठ्ठी कौतुकाने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली. मामा देवाला हात जोडायला गेला आणि त्याच्या नजरेस नेमकी तीच चिठ्ठी पडली. एकेचाळीसचे पंचेचाळीस कसे झाले, असं विचारल्यावर मामा म्हणाला की एकेचाळीस लिहिलेलं दिसायला बरं नाही.

मयूर चिडला. मामा अजिबात चिडला नाही. अशा कामांत त्याचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. त्याने आजवर सतरा लग्नं जमवली होती आणि त्यांतली सोळा टिकली होती.

"तू भोळा हायेस, भाचे," तो सुपारी तोंडात टाकत म्हणाला. "समोरचा माणूस आकडा आयकला का पहिले तीस टक्के कापते. सगळेच कापतेत. तू बावीस सांगशील, ते सोळा समजतीन. सोळा हजारात कोण पोरगी देते? मी पंचेचाळीस लिवले, ते कापूनकुपून बत्तीसवर येऊन थांबतीन. दहाचा फरक तं तुह्या चेहऱ्यानं भरून निघते."

पंचफुलाबाईंचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. त्या वेगळाच हिशोब करत होत्या. त्यांचं म्हणणं, पैसा गावागावावर असतो. मोहगावात बावीस हजार म्हणजे खाऊन उरतात, कारण घर आपलं, दूध आपलं, वांगी-मेथी वाडीतली. तोच पगार सौंसरला खोली घेतली की काठोकाठ येतो. नागपूरला तर वीस तारखेला हात झाडायची वेळ. आणि सून आली की मयूर सौंसरलाच राहणार, कारण रोजच्या पाळ्यांना मोहगावाहून ये-जा करणारा माणूस बायकोला दिसणार कधी? एवढं बोलून त्या आत गेल्या. मयूरचे वडील रघुनाथराव संत्र्याच्या वाडीत होते. व्यापाऱ्याची गाडी शनिवारी येणार असल्याने ते जामसांवलीला यायचेच नव्हते आणि या वादातून आपोआप सुटले होते.

मामाला न सांगितलेली एक गोष्ट मयूरच्या मनात होती. ही मुलगी त्याने आधी पाहिली होती.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात कंपनीने त्याला आणि त्याच्या पाळीतले जुने ऑपरेटर विजयभाऊ यांना पांढुर्ण्याच्या एका खाजगी शाळेत पाठवलं होतं. मुलांना हेल्मेट दाखवायचं, गॅसचा वास आला तर वाऱ्याला आडवं पळा असं सांगायचं, एवढंच काम. मागच्या बाकावर विज्ञानाच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. मयूरचं बोलून झालं, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "काटाच चुकीचा असेल तर तुम्हाला कळतं कसं?"

मयूरला तो प्रश्न फार आवडला. त्याने मुलांना एका काट्याची खरी हकिगत सांगितली. त्यांच्या प्लांटमध्ये वाफेच्या नळीवर एक जुनं गेज होतं. दाब किलोत मोजतात, आणि ते अर्धा किलो जास्त दाखवायचं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मनातल्या मनात अर्धा वजा करायचे. वर्षानुवर्षं काम सुरळीत चाललं. मग एक दिवस दुरुस्तीवाल्यांनी गुपचूप नवं, अचूक गेज बसवलं. पुढच्या पाळीच्या माणसाने सवयीने त्यातूनही अर्धा वजा केला, वाफ वाढवली आणि चौदा पिंपं माल करपून काळा झाला. खोट्या काट्याने कधी काही बिघडलं नव्हतं, बिघडवलं ते खऱ्याने. तेव्हापासून प्रत्येक गेजवर एक चिठ्ठी लावतात. तपासणाऱ्याची सही आणि तारीख. जिथे सही आणि तारीख आहे, तिथल्या आकड्यातून कोणी काही वजा करायचं नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे जाऊन फळ्यावर मुलांसाठी लिहिलं, 'दिसेल तोच आकडा लिहा. शंका असेल तर शंकाही लिहा.' दिवाळीआधी मामाने स्थळांचे फोटो आणले, तेव्हा मयूरने दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं आणि पुढचे पाहिलेच नाहीत. गायत्री नाव होतं. मामाला वाटलं, आपण फोटो लावलेच तशा क्रमाने.

आता त्याच मुलीच्या घरात त्याच्या नावाचा एक चुकीचा काटा तीन आठवडे लटकत होता.

शुक्रवारी पाळी बदलताना त्याने हे सगळं विजयभाऊंच्या कानावर घातलं. विजयभाऊंना एकोणीस वर्षं झाली होती आणि हातात चौतीस हजार पडत होते. दोन्ही मुलं नागपूरला शिकवणीला असल्याने ते म्हणायचे, माझा पगार माझ्या घरी पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन निघून जातो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मामाचं चूक नाही, लोक वजा करतातच. नुसता खरा आकडा सांगितलास तर चौदा पिंपं काळी होतील. मग त्यांनी समोरचा तक्ता उगाच सरळ केला आणि विचारलं, "पहिल्या हप्त्यात मी तुले काय शिकवलं होतं, याद हाये?"

मयूरला आठवण होती. कामावरच्या चौथ्या दिवशी त्याने आठाचा सहा गिरवला होता आणि विजयभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं की हा आकडा आहे की जिलेबी. खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या आकड्यावरून एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. चूक लपली की दुसऱ्या चुकीला जागा होते, असं विजयभाऊ म्हणत.

शनिवारी जामसांवलीला गर्दी असणारच होती. दर्शन आटोपून दोन्ही घरची माणसं मंदिराबाहेरच्या एका हॉटेलच्या बाकांवर समोरासमोर बसली. आलुबोंडे आले, चहा आला. गायत्रीचे वडील पुंडलिकराव सरकारी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि पांढुर्ण्यात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या नोकऱ्या होत्या, सरकारी आणि इतर. त्यांची पेन्शनच एकतीस हजार होती, हे मामाने येताना बसमध्ये सांगितलं होतं आणि मयूरने ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. गायत्रीची आई उषाताई पंचफुलाबाईंशी मेथीच्या भावावर बोलत होत्या. गायत्री गप्प होती. तिने मयूरला ओळखलं होतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

गुरुजींनी पद्धतशीर प्रश्न विचारले. नोकरी पक्की की ठेकेदाराची? पक्की. भविष्यनिर्वाह निधी कापतात का? कापतात. रात्रपाळी किती? तीन आठवड्यांतून एक. धोका किती? मयूर म्हणाला, नियम पाळले तर मोटरसायकलपेक्षा कमी. गुरुजींनी मान हलवली, पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि बायोडाटा उलटा करून बाकावर ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूवर वळणदार अक्षरात एका महिन्याचा खर्च मांडलेला होता.

"पंचेचाळीस तुम्ही लिहिले, पण मी काही पंचेचाळीस धरलेले नाहीत," ते म्हणाले. "मीही चार लग्नं पाहिली आहेत. मी बत्तीस धरले."

मामाने मयूरकडे पाहिलं. त्या नजरेत एका शास्त्रज्ञाचं समाधान होतं.

मयूर कागद वाचू लागला. सौंसरला दोन खोल्यांचं भाडं पाच हजार. किराणा सात. दूध अठराशे. पेट्रोल तीन हजार, कारण पाळीच्या वेळेला बस मिळत नाही, असं कंसात लिहिलं होतं. औषधपाणी एक हजार, वीज-गॅस-मोबाइल बावीसशे, बँकेत दरमहा पाच हजार. शेवटून तिसऱ्या ओळीत होतं, 'मोहगाव, आईवडिलांसाठी, चार हजार.' त्याखाली सणवार-पाहुणे दोन हजार, शेवटी किरकोळ एक हजार, आणि खाली दोन रेघांमध्ये बेरीज, बरोबर बत्तीस हजार.

चार हजारांच्या ओळीशी मयूर अडकला. ज्या माणसाने त्याला अजून नीट पाहिलंही नव्हतं, त्याने त्याच्या आईवडिलांचे चार हजार आधीच बाजूला काढून ठेवले होते. आणि ते ज्या बेरजेतून काढले होते, ती बेरीज खरी नव्हती.

त्याने खिशाचं पेन काढलं. कागद उलटून बायोडाटाची बाजू वर घेतली. आता काय होणार हे मामाला कळलं आणि त्याने बाकाखालून भाच्याच्या पायावर पाय ठेवून जोर दिला. पण मयूरकडे काळे बूट एकच होते, कंपनीचे, पॉलिश केलेले. त्यांच्या टोकाला आतून लोखंडी टोपी असते, पायावर पिंप पडलं तरी बोटं वाचावीत म्हणून. मामा दाबत राहिला आणि मयूरला काहीच कळलं नाही.

'मासिक वेतन ४५,०००' यावर त्याने एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, २२,४००. खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद गुरुजींपुढे सरकवला.

"चुकीची नोंद होती, गुरुजी. हातात एवढे पडतात. पंचेचाळीस कधीच नव्हते. सप्टेंबरात दुरुस्तीचं काम होतं म्हणून एकदा एकेचाळीस आले होते."

उषाताईंची मेथी मध्येच राहिली. मामा आलुबोंड्याकडे पाहू लागला, जणू तो बोंडा त्याचा दूरचा नातेवाईक होता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आकडा पुन्हा वाचला.

"बावीस," ते हळूच म्हणाले. "म्हणजे खरे सोळा?"

मामाने डोळे मिटले. त्याचं शास्त्र सिद्ध झालं होतं, फक्त ते आता कोणाच्या कामाचं नव्हतं.

"नाही, बाबा," गायत्री म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच शब्द होते. "सही आणि तारीख आहे. त्यातून वजा नाही करत." मग तिने मयूरकडे पाहिलं. "काटा किती जास्त दाखवत होता, अर्धा किलो?"

"दुपटीवर गेला होता," मयूर म्हणाला. त्याचे कान तापले होते. तिने ओळखलं होतं.

गायत्रीने फाइल आपल्याकडे ओढली आणि तिच्यातून दुसरा बायोडाटा काढला, तिचा स्वतःचा. तिने पेनासाठी हात पुढे केला आणि मयूरने पेन दिलं. 'शिक्षिका, मासिक वेतन १८,०००' अशी ओळ होती. तिने तिच्यावर रेघ मारली, बाजूला ११,५०० लिहिलं, त्यापुढे 'वर्षातून दहा महिने' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि तो कागद पंचफुलाबाईंपुढे ठेवला.

"काहून वो, काय लिवलं?" पंचफुलाबाईंनी विचारलं. अक्षर बारीक होतं आणि त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

गायत्रीने सांगितलं, की तिची शाळा मे-जूनचा पगार देत नाही आणि अठरा हजार हा आकडा बाबांचा आहे. गुरुजी खाकरले. सगळेच लिहितात, असं काहीतरी ते पुटपुटले. तेवढ्यात मामाचे डोळे उघडले.

"मी तं बाराच धरले होते," तो मनापासून म्हणाला. "अठरातून तीस टक्के. गुरुजी, तुमचा आन् माहा हिशोब एकच निघाला."

आधी उषाताई हसल्या. मग पंचफुलाबाई. गुरुजींनी हसू दाबून पाहिलं, पण ते मिशीतून निसटलं.

गायत्रीचं लक्ष मात्र मागच्या खर्चावर होतं. तिने वडिलांना विचारलं, की या बेरजेत माझे पैसे कुठे आहेत? गुरुजी म्हणाले, लग्नानंतर तू नोकरी करशील की नाही हे सासरचे ठरवतील, म्हणून धरले नाहीत. गायत्रीने पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

पंचफुलाबाईंनी फार विचार केला नाही. त्या म्हणाल्या, "माहा पोरगा आठ घंटे भांडे पाहत बसते. तू घरी बसून कोणाचे भांडे पाहशीन? जा बापा शाळेत."

"पांढुर्ण्याला रोज जाणं जमणार नाही," गायत्री म्हणाली. "पण सौंसरच्या दोन शाळांमध्ये विचारून ठेवलंय. तिथेही एवढेच देतात, आणि मे-जून तिथेही कोरडेच."

हे वाक्य मयूरच्या डोक्यात थोडं उशिरा पोचलं. विचारून ठेवलंय. म्हणजे आजच्या आधी. पंचेचाळीस हजारांकडे पाहून हो म्हणणारं कोणी साडेअकरा हजारांची नोकरी शोधून ठेवत नाही. त्याने चहाचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी त्याने एक घोट घेतला.

गायत्री तोवर गुणाकार करत होती. अकरा हजार पाचशे गुणिले दहा, भागिले बारा. नऊ हजार पाचशे त्र्याऐंशी. त्यात बावीस हजार चारशे. तिने आकडा लिहिला, बापाच्या बेरजेशी ताडून पाहिला आणि एकदा परत करून पाहिला.

"एकतीस हजार नऊशे त्र्याऐंशी," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या बत्तीस हजारांना सतरा रुपये कमी पडतात."

गुरुजींनी कागद हातात घेतला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची गणितं तपासली होती, तेव्हा ते विश्वासावर सोडणारे नव्हते. ओठ हलवत त्यांनी सगळं वरपासून खालपर्यंत मोजलं. भाडं, किराणा, दूध, पेट्रोल. मोहगावच्या चार हजारांपाशी ते थोडे थांबले, मयूरकडे पाहिलं आणि पुढे गेले. त्या ओळीला त्यांनी हात लावला नाही. शेवटच्या ओळीवर पेन टेकलं.

'किरकोळ १,०००' यावर त्यांनी एक रेघ मारली. अगदी सरळ, पट्टीने मारल्यासारखी. बाजूला लिहिलं, ९८३. आणि त्याखाली शाळेच्या दाखल्यांवर करत तशी लांबलचक, शेपटीवाली सही केली.

"बाबा, तारीख," गायत्री म्हणाली.

"आज किती?"

"पंधरा," मयूर आणि मामा एकदमच म्हणाले.

गुरुजींनी तारीख टाकली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि त्याची घडी करून पंचफुलाबाईंच्या हातात दिली. "हा तुमच्याकडेच असू द्या, ताई," ते म्हणाले. "आता घर तिथेच मांडायचं आहे."

मामाने हॉटेलवाल्याला आणखी एक चहा सांगितला, सगळ्यांना. मग बाकाखाली वाकून तो आपला दुखरा अंगठा चोळू लागला.